गरुडाची चोच आणि खरी गोष्ट

(वार्षिक स्नेहसंमेलनाच्या पालक-सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी 'जिद्द आणि यश' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली होती. विषय चांगला आहे. परंतु त्यावर बोलण्यापूर्वी मला एक कबुली देणे भाग आहे. तीन वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात मी याच विषयावर बोललो होतो आणि त्या दिवशी मी मुलांना एक खोटी गोष्ट सांगितली होती. जाणूनबुजून सांगितली नव्हती. पण खोटी ती खोटीच. आजचे बोलणे त्या गोष्टीपासूनच सुरू करतो.

ती गोष्ट तुमच्याही मोबाईलवर केव्हा ना केव्हा आली असेल. गरुड पक्षी म्हणे चाळीस वर्षांचा झाला की त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पंख जड होतात. मग तो एकटाच उंच डोंगरावर जातो, खडकावर आपटून आपटून स्वतःची चोच तोडतो, नवी चोच येईपर्यंत थांबतो, त्या चोचीने जुन्या नख्या उपटतो, नव्या नख्यांनी जुनी पिसे काढतो आणि दीडशे दिवसांच्या या तपश्चर्येनंतर पुन्हा तीस वर्षे आकाशात भरारी मारतो. तात्पर्य असे की, ज्याला नवा जन्म पाहिजे त्याने वेदना सोसाव्या.

मी ही गोष्ट रंगवून सांगितली. वर्ग शांत झाला होता. तेवढ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, चोचच नव्हती, तर पाच महिने तो खात काय होता?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "बेटा, गोष्टीतले तात्पर्य घ्यायचे असते." ती खाली बसली. माझी सुटका झाली, पण समाधान झाले नाही. त्या रात्री मी पक्ष्यांविषयी मिळेल ते वाचून पाहिले. पक्ष्याची चोच आणि नख्या यांवरचे आवरण आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे असते. ते आयुष्यभर वाढत राहते आणि वापराने, घासण्याने झिजत राहते. पिसे दरवर्षी थोडी थोडी आपोआप गळतात आणि नवी येतात. ज्या शिकारी पक्ष्याची चोच मुळापासून तुटली तो उपाशी मरतो. म्हणजे मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि मास्तरांचे उत्तर चुकीचे होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसे सांगून टाकले.

पण त्या वर्गात एक बाक रिकामा होता, आणि माझी खरी कबुली त्या बाकाविषयी आहे. तिथे बसणाऱ्या मुलाचे वडील जिनिंगमध्ये हमाली करीत. ते आजारी पडले होते आणि घरची ओढाताण चालली होती, हे माझ्या कानावर आले होते. म्हणूनच आदल्या दिवशी मी गोष्ट सांगताना दोन-तीनदा मुद्दाम त्याच्याकडे पाहिले होते. मला वाटले होते, पोराला धीर येईल. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. तो पुलगावला एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला होता. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, तो म्हणाला, आपला त्रास आपणच सोसायचा असतो, कोणाला सांगायचा नसतो."

पालकहो, मी त्या मुलाला नेमके हेच शिकवले होते. माझ्या गोष्टीतला गरुड कोणाला काही विचारीत नाही. तो एकटा डोंगरावर जातो आणि स्वतःची चोच स्वतः तोडतो. मुलाने गोष्ट अगदी नीट ऐकली होती. त्याला हवे होते ते एवढेच, की कोणी त्याच्या घरी जावे, परीक्षेची फी कशी भरता येईल ते सांगावे, सकाळच्या कामाची वेळ बदलून घेता येते का ते मालकाला विचारावे. मी ते केले नाही, मी गोष्ट सांगितली.

तेव्हापासून या गोष्टी कोण सांगतात, कशासाठी सांगतात आणि त्यांतली कोणती घ्यावी, कोणती सोडावी, याचा मी विचार करू लागलो. आजचे भाषण म्हणजे त्या विचाराचा सारांश आहे.

हल्ली एक नवा पेशा निर्माण झाला आहे. मोठमोठ्या कंपन्यांतील वरचे अधिकारी आपली भल्या पगाराची नोकरी सोडतात आणि गावोगाव, कॉलेजातून, कंपन्यांतून प्रेरणादायी गोष्टी सांगत फिरतात. आपली मुले मोबाईलवर त्यांना तासन् तास ऐकतात. मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मी विचारले, "पुढे कोण होणार?" एकाने डॉक्टर, एकाने पोलीस, एकाने शिक्षक सांगितले, आणि तिघांनी सांगितले, "मोटिव्हेशनल स्पीकर." मी विचारले, "काय सांगणार लोकांना?" त्यावर तिघेही एकमेकांकडे पाहू लागले.

मुलांना हसण्याचे कारण नाही. हा पेशा निर्माण होण्यामागे खरे कारण आहे. ज्याने शंभर-दोनशे माणसांकडून काम करून घेतले आहे त्याला एक गोष्ट कळून चुकते, की आकडे, तक्ते आणि सूचना माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो, पण एखाद्या माणसाची हकीकत तो घरी घेऊन जातो. हे आपल्या वऱ्हाड-विदर्भाला कोणी नव्याने शिकवायला नको. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा शाळेत शिकलेले नव्हते. पण कीर्तनात ते समोरच्या लोकांना साधे साधे प्रश्न विचारीत, लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत आणि कर्ज, दारू, अस्वच्छता यांची गोष्ट त्यांच्या गळी उतरवीत. दिवसा त्यांच्या हातात झाडू असे आणि रात्री कीर्तन. झाडूमुळे त्यांच्या कीर्तनाला वजन होते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या धर्मातही गोष्टीला केवढे स्थान आहे! कुराण शरीफमध्ये सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांची हकीकत येते आणि तिला तेथेच उत्तम कथा म्हटले आहे. त्या कथेत काय नाही? भावांनी विहिरीत टाकले, गुलाम म्हणून विकले गेले, खोट्या आरोपावरून कैदेत पडले. मग सात वर्षांच्या सुकाळात धान्य कसे साठवावे आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात ते कसे पुरवावे, याचा उपाय त्यांनी सांगितला आणि कोठारांचा कारभार त्यांच्या हाती आला. आजच्या भाषेत बोलायचे तर एवढे मोठे व्यवस्थापन दुसरे नसेल. पण या कथेत 'मनात आणले की झाले' असे कुठेही नाही. तिच्यात सबर आहे, तसाच हिशेबही आहे. अमानत आहे, तसेच इल्मही आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातली काही खरी माणसे पाहू.

पहिले नाव श्री. अच्युत गोडबोले यांचे. ते सोलापूरचे. मराठी शाळेतून शिकून ते मुंबईच्या आयआयटीत गेले आणि १९७२ साली केमिकल इंजिनिअर झाले. अशी पदवी हातात असलेला मुलगा सरळ नोकरीकडे जातो. हे गेले शहादा भागातील आदिवासींच्या चळवळीत. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्या चळवळीत त्यांनी दहा दिवसांचा तुरुंगवासही भोगला. पुढे ते संगणकाच्या क्षेत्रात शिरले, ज्या विषयाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तिथे धडपडत, शिकत पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत ते अगदी वरच्या पदांवर पोहोचले. हजारो माणसांचे काम त्यांच्या हाताखाली चालले.

आणि मग त्यांनी काय केले? त्यांनी मराठीत गोष्टी सांगायला घेतल्या. 'किमयागार' मध्ये शास्त्रज्ञांच्या, 'अर्थात' मध्ये अर्थशास्त्राच्या, 'मनात' मध्ये मानसशास्त्राच्या. अतुल कहाते यांच्याबरोबर लिहिलेल्या 'बोर्डरूम' मध्ये मोठमोठ्या उद्योगांच्या. 'मुसाफिर' या पुस्तकात त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली आणि तिच्यात आपली फजिती, आपला न्यूनगंड, आपल्या चुका झाकून ठेवल्या नाहीत. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीचे दडपण कसे येते, हे त्यांनी उघड सांगितले आहे. रोहण्याच्या मुलाला यातून जो धीर मिळेल तो कोणत्याही गरुडाकडून मिळणार नाही. कारण हे दडपण त्याच्या ओळखीचे आहे.

यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. गोडबोल्यांनी गोष्ट सांगितली ती आधी अनेक वर्षे काम करून, आणि सांगायला बसल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन, ढीगभर पुस्तके वाचून. मोठी खुर्ची सोडली म्हणून ते सांगणारे झाले नाहीत. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही साठले होते म्हणून ते सांगणारे झाले.

व. पु. काळे यांचे उदाहरण जरा वेगळे आहे. १९३२ साली जन्मलेले वपु व्यवसायाने वास्तुविशारद होते आणि मुंबई महानगरपालिकेत नोकरी करीत. त्यांनी कथाकथनाचे शेकडो कार्यक्रम केले. लोक तिकीट काढून गोष्ट ऐकायला येत. पण त्यांच्या गोष्टींत कोणी महापुरुष नसत. चाळीत, ऑफिसात, लोकलमध्ये भेटणारी साधी माणसे असत. म्हणजे गोष्ट सांगण्यासाठी नोकरीवर लाथ मारलीच पाहिजे असे नाही. नोकरीतच डोळे उघडे ठेवणाऱ्याला गोष्टी मिळतात.

तिसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचे. तेथे १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. १९६६ साली तिच्या संस्थापकांचे अकस्मात निधन झाले. त्यांचा मुलगा तेव्हा २१ वर्षांचा होता आणि अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट सोडून तो परत आला आणि तेल-तुपाची कंपनी चालवू लागला. तो मुलगा म्हणजे अझीम प्रेमजी आणि ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. तेलापासून साबण आणि साबणापासून संगणक असा तिचा प्रवास झाला. अर्धवट राहिलेली पदवी त्यांनी कित्येक वर्षांनी पूर्ण केली, तेव्हा ते देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होते आणि त्यांना पदवी दाखवून कोठे नोकरी मागायची नव्हती! २०१९ साली त्यांनी कंपनीचे कार्यकारी अध्यक्षपद सोडले. आपल्या संपत्तीचा फार मोठा हिस्सा त्यांनी आपल्या प्रतिष्ठानाला देऊन टाकला आहे आणि ते प्रतिष्ठान सरकारी शाळांतील शिक्षकांबरोबर काम करते. प्रेमजी काही रंगमंचावर फिरणारे वक्ते नाहीत. परंतु ज्या मुलावर वडिलांच्या आजारपणामुळे शिक्षण सोडण्याची पाळी आली आहे त्याला मी आज त्यांची हकीकत सांगेन, आणि सांगताना हेही सांगेन, की त्यांच्यामागे कंपनी होती आणि तुझ्यामागे ती नाही. म्हणून तुझ्यामागे आपण सर्वांनी उभे राहिले पाहिजे. हा फरक लपवून सांगितलेली गोष्ट पुन्हा खोटीच होते.

डॉ. अब्दुल कलाम यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार हे मोठे पद त्यांनी २००१ साली सोडले आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात मुलांना शिकवायला गेले. तेथून त्यांना राष्ट्रपतिपदासाठी बोलावणे आले. त्या पदावरून उतरल्यावर ते पुन्हा मुलांमध्ये गेले आणि २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलत असतानाच कोसळले. त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. ते जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत ती विजयाची नव्हती. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. मोहिमेचे प्रमुख कलाम होते. पण पत्रकारांपुढे त्यांचे वरिष्ठ प्रा. सतीश धवन गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. पुढे १८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट यशस्वी झाले, तेव्हा धवन मागे राहिले आणि पत्रकारांपुढे त्यांनी कलामांना पाठवले. या गोष्टीत मोठा कोण, हे कलामांना सांगायचे होते. ते स्वतःची गोष्ट सांगत आणि श्रेय दुसऱ्याला देत. प्रेरणा देणारा वक्ता पारखायचा असेल तर ही एक सोपी खूण आहे. त्याच्या गोष्टीत त्याच्याशिवाय आणखी कोणी मोठे आहे का, हे पाहावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा शहरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली. हाताने काम करीत करीत शिकावे, ही नयी तालीमची कल्पना तिथे पुढे आली. तिचा आराखडा तयार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. ते तेव्हा दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस कुठेही मोठ्या पगारावर बसू शकला असता. पण १९२८ साली जामियाच्या शिक्षकांनी शपथ घेतली, की वीस वर्षे येथेच काम करू आणि दीडशे रुपयांपेक्षा अधिक पगार घेणार नाही. झाकीर हुसेन त्यांचे अग्रणी होते. पुढे १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले.

या विद्वान माणसाने लहान मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. त्यांची 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट घरातल्या आजी-आजोबांनी ऐकलेली असेल. अब्बू खाँची चांदणी नावाची बकरी प्रेमाच्या दावणीला कंटाळून डोंगरावर पळून जाते. लांडगा येतो. आपण जिंकणार नाही हे तिला ठाऊक असते, तरी ती रात्रभर झुंजते आणि पहाटे मरते. झाडावरचे पक्षी म्हणतात, लांडगा जिंकला. एक म्हातारा पक्षी म्हणतो, चांदणी जिंकली.

आता तुम्ही म्हणाल, सर, गरुडाची गोष्ट खोटी आणि बोलणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट खरी कशी? प्रश्न रास्त आहे. चांदणीची गोष्ट आपण गोष्ट आहोत हे सांगूनच येते. ती ऐकून कोणी मुलगा बकऱ्या बोलतात असे समजत नाही. गरुडाची गोष्ट मात्र विज्ञानाचा वेष घालून येते. चाळीस वर्षे, दीडशे दिवस असे आकडे देऊन विश्वास मागते. आणि दुसरे असे की, चांदणीची गोष्ट शेवटी ती मेली हे लपवीत नाही. किंमत सांगून मगच ती धीर देते.

अशाच आणखी दोन गोष्टी फिरत असतात. बेडकाला थंड पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवले तर तो उडी मारत नाही आणि शिजून मरतो, असे सांगतात. ते खरे नाही. पाणी सोसवेनासे झाले की धडधाकट बेडूक बाहेर उडी मारतो. आइन्स्टाइन गणितात नापास झाला होता, हेही सांगतात. तेही खरे नाही. वयाची पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याने पुढच्या वर्गांचे गणित आत्मसात केले होते. खरी हकीकत अशी की, १८९५ साली सोळाव्या वर्षी तो झुरिचच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेला बसला. परीक्षेस बसणाऱ्यांच्या मानाने तो दोन वर्षांनी लहान होता. गणित आणि पदार्थविज्ञान उत्तम गेले, इतर विषयांत तो कमी पडला आणि प्रवेश मिळाला नाही. मग त्याने एक वर्ष दुसऱ्या गावच्या शाळेत काढले, ते विषय पक्के केले आणि १८९६ साली प्रवेश मिळवला. दहावीच्या मुलांनो, 'नापास होणारेही मोठे होतात' या खोट्या दिलाशापेक्षा ही खरी गोष्ट तुमच्या अधिक कामाची आहे की नाही? जे विषय कच्चे राहिले ते एक वर्ष बसून पक्के करावे, एवढेच ती सांगते.

थोडक्यात, कोणतीही प्रेरणादायी गोष्ट ऐकली की तिला चार प्रश्न विचारावे. ही खरी आहे का, आणि खरी नसेल तर आपण कल्पित आहोत हे ती कबूल करते का? सांगणाऱ्याने ते काम स्वतः केले आहे का? त्याला मदत कोणी केली, हे तो सांगतो का? आणि ऐकून झाल्यावर उद्या सकाळी आपण नेमके काय करायचे, हे कळते का? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो केवळ करमणुकीचा तास झाला. करमणूक वाईट नाही. पण तिच्यासाठी घरातली अंगठी गहाण ठेवून हजारो रुपयांची फी भरू नये, एवढी माझी पालकांना हात जोडून विनंती आहे. तेवढ्या पैशात मुलाची वर्षभराची पुस्तके येतात.

आणि वक्ते होऊ इच्छिणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो, तुमची इच्छा वाईट नाही. जरूर वक्ते व्हा. पण आधी काहीतरी व्हा. वेल्डर व्हा, नर्स व्हा, शेतकरी व्हा, इंजिनिअर व्हा, एखादे दुकान तोट्यातून नफ्यात आणा. वीस वर्षांनी तुमच्याजवळ जे जमा होईल ते सांगायला या. आम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकू. विहिरीला पाणी लागण्याआधी मोट जोडून काय उपयोग?

शेवटी एक सूचना करतो. आपण दूरचे वक्ते बोलावतो, त्यांचा सत्कार करतो, हे ठीकच आहे. पण रोहण्यात काय कमी गोष्टी आहेत? पुलगाव-आर्वी ही लहान रेल्वे एके काळी आपल्या भागातून धावत होती. तिच्यात बसून शाळेला गेलेले बुजुर्ग आज आपल्यात आहेत. कापसाच्या भावाने घर कसे वर आणले आणि कसे खाली नेले, हे सांगू शकणारे शेतकरी येथे बसले आहेत. पुलगावच्या कापड गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उजाडत असे आणि गिरणी बंद पडल्यावर ज्यांनी चाळिशीत नवे हुनर शिकून मुलींना पदवीपर्यंत नेले, अशी माणसे आपल्या भागात आहेत. शिवणयंत्रावर घर चालवणाऱ्या आपल्या आया-बहिणी आहेत. यांच्यापैकी कोणी स्वतःला वक्ता म्हणवत नाही. म्हणूनच त्यांची गोष्ट खरी असण्याचा संभव जास्त आहे.

माझी सूचना अशी, की दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटण्यापूर्वीचा एक तास एका पालकाला द्यावा. आई असो, वडील असोत, आजोबा असोत. त्यांनी आपले काम कसे चालते, त्यात पैसा कसा मिळतो आणि कसा बुडतो, आपण कुठे चुकलो आणि अडचणीत हात कोणी दिला, एवढे सांगावे. मराठीत सांगावे, उर्दूत सांगावे, आपल्या घरच्या बोलीत सांगावे. मुलांनी प्रश्न विचारावे, 'पाच महिने तो खात काय होता' असे प्रश्न तर जरूर विचारावे. आणि त्याच तासाला शाळेच्या एका शिक्षकाने वहीत लिहून घ्यावे, की कोणत्या घरी सध्या काय अडचण आहे. गोष्ट आणि वही अशा दोन्ही वस्तू बरोबर असाव्या. केवळ गोष्टीने काय होते ते मी तुम्हांला सांगितलेच आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही मनात विचारीत असाल. माझ्या दोन सहकाऱ्यांनी आणि संस्थेच्या एका सदस्यांनी वर्कशॉपच्या मालकांची भेट घेतली. ते भले गृहस्थ निघाले. संध्याकाळी लवकर सोडायला तयार झाले. तो वर्ष तर गेला होता. पुढच्या वर्षी आम्ही त्याचा १७ नंबरचा फॉर्म भरला, तो बाहेरून परीक्षेला बसला आणि दहावी पास झाला. फार मोठे गुण मिळाले नाहीत. आज तो आयटीआयमध्ये शिकतो आहे. वडील अजून पूर्ण बरे नाहीत. घरची ओढाताण संपलेली नाही.

मागच्या महिन्यात मी त्याला म्हणालो, "शाळेत येऊन मुलांना तुझी गोष्ट सांगशील का?" तो जरा लाजला. म्हणाला, "सर, आत्ता काय सांगू? अजून तर काही झालेच नाही." मग थोडे थांबून म्हणाला, "वेल्डिंग कसे करतात ते मात्र सांगू शकतो."

मी म्हणालो, "तेच सांग." शेवटच्या शनिवारची सुरुवात त्याच्यापासून करावी, अशी मी संस्थेला विनंती करतो. पुढच्या शनिवारांसाठी ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी आपली नावे ऑफिसात द्यावीत.

 अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज. जय हिंद.